कासऱ्यावरचा यंत्रमानव

"गुरुजी, बैलाले बटन रायते काय?"

शाळेचे शिपाई इंद्रभान यांनी हे विचारलं, तेव्हा त्यांनी यंत्रमानव तिसऱ्यांदा भिंतीवर नेऊन आदळला होता. बटनं सहा होती आणि भिंत नेमकी कोणत्या बटनाने येते, हे त्यांना कळत नव्हतं.

तेलाचे डबे, चाकं आणि मोटारीची बॅटरी जोडून विज्ञानाच्या लक्ष्मीकांत मास्तरांनी हा यंत्रमानव केला होता. खामगावच्या प्रदर्शनात बक्षीस आलं तर प्रयोगशाळा राहणार होती. नाहीतर हेडमास्तर महादेवराव त्या खोलीत मोडके बाक ठेवणार होते. मास्तरांचे हात थरथरत, म्हणून चालवायला इंद्रभान.

"मग काय हवं तुम्हाला?"

"कासरा द्या. डावा ओढला का डावीकडं, उजवा ओढला का उजवीकडं. दोन्ही ओढले का उभा, ढिले सोडले का चालू. वीस वर्स गाडी हाकलली, डोक्शाले कधी तरास नाई."

मास्तरांनी बटनं काढून दोन दोर लावले. आठ दिवसांत यंत्रमानव शाळेतल्या कोणत्याही विद्यार्थ्यापेक्षा शिस्तीत वागू लागला.

प्रदर्शनात काम सोपं होतं. यंत्रमानवाने हार घेऊन शिक्षण सभापती भगवंतरावांपुढे जाऊन थांबायचं. मागून इंद्रभान आले, कासरा ओढला, यंत्रमानव थांबला. टाळ्या पडल्या. खूश झालेले भगवंतराव उठले आणि त्यांनी इंद्रभानना नमस्कार केला.

सभापतींनी शिपायाला नमस्कार करण्याचा जिल्ह्यातला हा पहिलाच प्रसंग असावा. इंद्रभाननी कासरा सोडला आणि कमरेत वाकून दोन्ही हात जोडले.

यंत्रमानव निघाला.

"दोर धरा!" मास्तर ओरडले. इंद्रभाननी धरले. सभापतींच्या पोटापासून वीतभर अंतरावर यंत्रमानव थांबला.

"बाप्पा, आवर ना याले!" म्हणत सभापतींनी काकुळतीने पुन्हा हात जोडले.

इंद्रभाननीही जोडले.

खुर्ची मोडली. सभापती कनातीखालून बाहेर पडले.

"अहो, दोर का सोडलेत?"

"एवढ्या मोठ्या मानसानं हात जोडले गुरुजी, तं म्या काय दोर धरून उभा राहू? बैल असते तं थांबले असते. त्याह्यले समजते."

बक्षीस दुसऱ्या शाळेला गेलं. महादेवरावांनी बाक हलवायला काढले, तोच सभापतींचा लेखी हुकूम आला: सदर यंत्र तत्काळ प्रयोगशाळेत कुलूपबंद करावे, त्या खोलीचा अन्य वापर करू नये आणि विज्ञान शिक्षकाने रोज तेथे हजर राहून यंत्रावर नजर ठेवावी. हा आदेश यंत्राच्या हयातीपर्यंत लागू राहील.

मास्तर त्याला दर शनिवारी तेल घालू लागले.