सॉसेजचा पूर्वलक्षी वास

मोशीतल्या एका नऊमजली सोसायटीत, रविवारी सकाळी साडेदहाला, फ्लॅट क्रमांक ४०३च्या बुद्धभूषण यांनी फ्रीजमधून चिकन सॉसेजचं पाकीट बाहेर काढलं. आई केसरबाईंनी हा पदार्थ आजवर फक्त टीव्हीवर पाहिला होता. चाकणच्या कंपनीत सहा दिवस दुसऱ्यांच्या मालातल्या चुका शोधणाऱ्या त्यांच्या मुलाने सातव्या दिवशी आईला गरमागरम सॉसेज-चीज सँडविच करून घालायचं ठरवलं होतं. पाकीट दगडासारखं गोठलेलं होतं. गॅस बंद होता. तेवढ्यात बेल वाजली.

दारात सेक्रेटरी नवनाथराव उभे होते. काखेत तक्रारवही.

"भाऊ, मांसाहाराचा वास येतोय."

"अहो, अजून काही शिजवलंच नाही."

"तक्रार नऊ चाळीसला नोंदवल्याली हाय." नवनाथरावांनी पान उघडून दाखवलं. "नोंद झाली म्हंजी वास आला. त्यो पूर्वलक्षी प्रभावानं धरायचा."

कागदाला कागदानेच उत्तर देता येतं, अशी बुद्धभूषण यांची श्रद्धा होती. "मग काय करावं लागेल?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न नवनाथरावांना फार आवडला. त्यांनी 'उग्रगंधी पदार्थ पाकपूर्व परवानगी अर्ज' तीन प्रतींत काढून दिला. वासाचं स्वरूप, अंदाजे कालावधी, दिशा. दिशेच्या रकान्यात बुद्धभूषण यांनी 'वाऱ्यावर अवलंबून' असं लिहिलं.

"वारा सोसायटीचा सभासद न्हाई," नवनाथराव म्हणाले. "त्याची संमती कुठून आणणार? शेजाऱ्याची आणा."

खालच्या ३०३मध्ये गॅरेजवाले रहिमानभाई राहत. त्यांनी जिन्यातच गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. "यात विचारायचं काय, भावा? आईंना गरम खाऊ घाल."

नवनाथरावांनी ती सही पाहिली आणि लाल पेनाने खोडली. "ही धरता येत न्हाई. रहिमानभाईंना असला वास येतच न्हाई, असं समितीचं मत हाय."

एवढ्यात गच्चीवरून मटणाच्या रश्श्याचा घमघमाट जिन्याने खाली उतरला. नवनाथरावांकडे गावजत्रेचे पाहुणे जेवायला होते.

"आणि हा वास?" बुद्धभूषण यांनी विचारलं.

"ते जत्रंचं हाय. त्याला वास नसतो, परंपरा असती."

"म्हणजे बोकडाला वास नाही, आणि माझ्या गोठलेल्या कोंबडीला आहे?"

नवनाथरावांची नजर दारावरच्या आडनावाच्या पाटीवर गेली आणि तिथेच थांबली. "नियम समद्यांना सारखाच हाय," ते पाटीला म्हणाले.

आत केसरबाईंची सहनशक्ती संपली. "भूक लागल्यावर अर्ज करतेत व्हय रे?" म्हणत त्यांनी गॅस पेटवला. सॉसेज गरम पाण्यात सोडले, मऊ झाल्यावर उभे चिरले, लोण्यात लालसर परतले, पावात घातले, वर चीज, आणि टीव्हीवाल्यांना न सुचलेला मिरचीचा ठेचा. तव्यावर चीज पाघळून चरचरलं, तेव्हा त्या सकाळी ४०३मधून पहिल्यांदा खरोखरचा वास आला.

नवनाथरावांनी आतल्या तव्याकडे नाक वळवलं आणि त्यांचा आवाज एकदम मवाळ झाला.

"जाऊ द्या. कायमची तोंडी परवानगी देतो. फकस्त हितं एक सही करा." त्यांनी वहीतलं दुसरंच पान उघडलं. ३०३कडे येणाऱ्या पाहुण्यांना यापुढे समितीच्या लेखी मंजुरीशिवाय गेटच्या आत सोडू नये. कारण : संशयास्पद वर्दळ.

"अहो, ते तर रहिमानभाई..."

"तुमचं प्रकरण मिटतंय नव्हं? मंग?"

"गार व्हायलंय रे!" आतून हाक आली.

बुद्धभूषण यांनी पान पुन्हा वाचलं. चूक शोधणं हाच त्यांचा धंदा. चूक त्यांना पहिल्या ओळीतच सापडली होती. त्यांनी सही केली.

"कसला कागद होता?" केसरबाईंनी ताट पुढे सरकवत विचारलं.

"काही नाही, आई. तू खा."

बुद्धभूषण यांना नावं ठेवायची असतील तर खुशाल ठेवा. पण आधी आपल्या सोसायटीची वही एकदा मागून घ्या आणि तुमची सही कुणाच्या विरोधातल्या पानावर आहे ते पाहा. अर्थात तुम्ही मागणार नाही. रविवार आहे, आणि तुमच्याही ताटात काहीतरी गरम आहे.