आमच्या कुलव्याधींची चिकित्सक आवृत्ती

पुराव्यावाचून केलेले विधान मी आयुष्यात कधी केले नाही आणि दुसऱ्याने केलेले कधी सोडले नाही. जुन्या हस्तलिखितांचे पाठभेद तपासण्यात माझी एकतीस वर्षे गेली. या काळात मी चार नामवंत विद्वानांना केवळ तळटिपांच्या बळावर नेस्तनाबूत केले. त्यांपैकी दोघे अजून माझ्याशी बोलत नाहीत आणि उरलेले दोघे कोणाशीच बोलत नाहीत! अशा माणसाची भाची लढाऊ वैमानिक होण्यासाठी अर्ज करते, लेखी परीक्षा आणि मुलाखत पार करून वैद्यकीय तपासणीपर्यंत पोहोचते, तेव्हा पुढच्या तयारीची सूत्रे कोणी हाती घ्यावीत, हा प्रश्नच नव्हता. निदान माझ्यापुरता नव्हता.

"मामा, तयारी काही उरलीच नाहीये," भाची म्हणाली. तिला घरात सगळे चिमणी म्हणतात. "कान साफ करून घेतलेत, दाताचं झालंय, रोज पळतेय. आता आठवडाभर नीट झोपायचं आणि भरपूर पाणी प्यायचं. बस!"

"आणि हे?" मी तिच्या अर्जाच्या सातव्या पानावर बोट ठेवले.

तिथे विचारले होते: कुटुंबातील कोणास हृदयविकार, भोवळ, झोपेत चालणे, दृष्टिदोष अथवा अन्य व्याधी आहे काय? असल्यास तपशील द्यावा. तपशिलासाठी दोन ओळी सोडल्या होत्या. चिमणीने पहिल्या ओळीत लिहिले होते, 'नाही.'

वाचकहो, 'नाही'! तीन पिढ्यांचा शारीरिक इतिहास दोन अक्षरांत! ना साधनांचा उल्लेख, ना मतभेदांची नोंद!

"कशाच्या आधारावर?" मी शांतपणे विचारले. मी अत्यंत संतापलो की अत्यंत शांतपणे बोलतो. ग्रंथालयातले सहकारी त्या आवाजाला 'थंड फरशी' म्हणत.

"सगळे धडधाकट तर आहेत!"

"मोठ्या मावशीचं हृदय? आजोबांची भोवळ? तुझे वडील झोपेत चालतात, ते?"

चिमणीचा चेहरा उतरला. आमच्या घरात हे आजार भिंतींइतके गृहीत होते. भिंत खरोखर आहे की नाही, हे कोण तपासतो?

"हे लिहिलं तर मला घेतील का रे मामा?"

"खरं असेल तर घेऊ नये हेच योग्य. खोटं असेल, तर खोटं असल्याचा पुरावा जोडला पाहिजे. माझ्याकडे सहा दिवस आहेत."

"मामा, प्लीज, नको!"

या हरकतीला तिने कोणताही आधार दिला नाही, म्हणून ती मी फेटाळली.

पहिली साक्ष ताईची. ताई माझी थोरली बहीण, वरच्या मजल्यावर राहते. तिचे हृदय लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, सासरी पाहुण्यांचा राबता ऐन भरात असताना अधू झाले, अशी मौखिक परंपरा आहे. तेव्हापासून वजन उचलणे, जिना दुसऱ्यांदा चढणे आणि दुसऱ्याचे मत ऐकून घेणे तिला वर्ज्य आहे.

"कागद दाखव," मी म्हणालो.

"कसले कागद? हृदय आहे ते, वाहनपरवाना नव्हे!"

"कोणत्या डॉक्टरांनी सांगितलं होतं?"

"ते वारले."

"कशाने?"

"हृदयविकाराने!" ताई विजयी मुद्रेने म्हणाली.

मी टिपून घेतले: मूळ प्रत गहाळ, साक्षीदार मृत, विधान संशयास्पद. मग तिला सातवे पान वाचून दाखवले. खिडकीखाली चिमणी दोरीवरच्या उड्या मारत होती, त्याचा टप् टप् आवाज येत होता.

"माझ्या हृदयापायी पोरीचं विमान अडेल?"

"अडेल."

"तीस वर्षं जपलंय रे मी ते," ताई पुटपुटली. मग तिने पेन ओढून घेतले, 'मला हृदयविकार नाही व कधीही नव्हता' असे लिहिले आणि सही केली. एखाद्या सम्राटाने राज्यत्यागाच्या कागदावर करावी तशी! माझेही डोळे पाणावले. तेवढ्यात माझी बायको, जी दाराआडून सगळे ऐकत होती, गोड आवाजात म्हणाली, "ताई, बरं झालं हो! आता ते लोखंडी कपाट जरा सरकवू लागता का?"

दुसरे प्रकरण बाबांच्या भोवळीचे. बाबांचे वय एक्याऐंशी. वादात हरण्याची वेळ आली की त्यांना भोवळ येते, ही कुटुंबातली सर्वमान्य वस्तुस्थिती. वैमानिकांना फिरत्या खुर्चीत बसवून तपासतात, असे मी वाचले होते. माझ्या अभ्यासिकेत फिरती खुर्ची होती. मी बाबांना तीत बसवले आणि फिरवू लागलो.

"जोरात फिरव की!" बाबा ओरडले. "लहानपणी मी तुला याहून जोरात फिरवायचो!"

विसाव्या फेऱ्याला मी थांबलो. बाबा उठले, आखल्यासारख्या सरळ रेषेत चालत गेले आणि उभ्याउभ्या वर्तमानपत्र वाचू लागले. फिरवणारा मात्र पुस्तकांच्या मांडणीवर आडवा झाला आणि शब्दकोशाचा सातवा खंड त्याच्या डोक्यात पडला.

"भोवळ तुला येते होय रे? लिही, लिही!" बाबा म्हणाले.

ती नोंद मी केली नाही. साक्षीदार एकच होता आणि तोही हितसंबंधी.

तिसरे, चिमणीचे वडील, म्हणजे आमचे दाजी. "मी झोपेत चालत नाही," त्यांनी दार लावून घेत कबूल केले. "पूर्ण जागा असतो. फ्रीजपर्यंत जातो आणि परत येतो. पण हे तुमच्या बहिणीला कळलं, तर मला खरोखरच काहीतरी व्हायचं!" हा जबाब मी गोपनीय परिशिष्टात घातला. उरलेली आठ प्रकरणेही याच गतीने कोसळली. अर्धशिशी, विसरभोळेपणा, उजवीकडचा बहिरेपणा, एकेक दिग्गज आजार माझ्यापुढे नांगी टाकत गेला! बारा व्याधींपैकी एकच सिद्ध झाली. दाजींना धुळीने शिंका येतात.

आवृत्ती चौसष्ट पानांची झाली. तळटिपा दोनशे बारा. डॉक्टरांचा वेळ वाचावा म्हणून प्रत्येक नोंदीच्या कडेला रंगीत पट्टी लावायचे ठरवले. खुलासा प्रस्तावनेतच होता: लाल पट्टी म्हणजे व्याधी सिद्ध; हिरवी पट्टी म्हणजे व्याधी असिद्ध, प्रकरण निकाली. दोन रंगांची दोन पाकिटे घेऊन मी अभ्यासिकेचे दार लावले.

"अहो, पट्ट्या मी लावून देऊ का?" बायकोने बाहेरून विचारले. "तुम्ही आणलेले टोमॅटो आठवतात ना?"

"त्यात टोमॅटोवाल्याची लबाडी होती! आणि संपादनाचा नि भाजीचा संबंध काय?"

शेवटची, तेरावी नोंद मी स्वतःची केली: 'संपादक. वय अठ्ठावन्न. कोणताही दोष नाही. आधार: संपादकाचे स्वतःचे निरीक्षण.' तिलाही हिरवी पट्टी लावली. अभिमानाने.

तपासणीच्या दिवशी लांबलचक मार्गिकेत बाकांवर उमेदवार पाण्याच्या बाटल्या घेऊन बसले होते. चिमणी कानांच्या तपासणीसाठी आत गेली. मी तत्काळ खिडकीपाशी गेलो आणि आवृत्ती आत सरकवली.

"हे काय?" कारकुनाने विचारले.

"सातव्या पानाचं परिशिष्ट."

"साहेब, तिथं दोन ओळी होत्या."

"तेच तर दुखणं आहे!"

अर्ध्या तासाने मला आत बोलावले. टेबलामागे वैद्यकीय अधिकारी बाई, त्यांच्यापुढे माझी आवृत्ती आणि बाजूला चिमणी. ती माझ्याकडे अशी पाहत होती की विमान मिळाले असते, तर पहिला बॉम्ब कुठे पडला असता याबद्दल मला शंका उरली नाही.

"हे आपण तयार केलंत?"

"होय." मी गौरवोद्गारांच्या अपेक्षेने मान लववली.

"बावीस वर्षं मी या खोलीत बसते आहे. इतकं आजारी कुटुंब पाहिलं नाही! हृदयविकार सिद्ध. भोवळ सिद्ध. झोपेत चालणं सिद्ध. अकराच्या अकरा सिद्ध! शिंका तेवढ्या निकाली. हिच्या सगळ्या चाचण्या उत्तम आहेत, पण हे चाळल्यावर मला फाइल थांबवावी लागेल."

"असिद्ध!" मी ओरडलो. थंड फरशीला आयुष्यात पहिल्यांदा तडा गेला. "डोळे आहेत ना आपल्याला? पट्टी पाहा, हिरवी आहे!"

"कोणती?"

"ही!"

"आणि ही?"

"हीसुद्धा हिरवी!"

"आणि शिंकांची?"

"ती लाल!"

चिमणीने कपाळावर हात मारला. "मामा... टोमॅटो!"

बाईंनी खणातून रंगीत ठिपक्यांचे एक पुस्तक काढले. "यात कोणता आकडा दिसतो?"

मी पान बारकाईने पाहिले. "आकडा नाही. छापण्यात चूक झालेली दिसते."

"चौऱ्याहत्तर," चिमणी हळूच म्हणाली.

"आणि यात?"

"यातही तीच चूक." पाचव्या पानापर्यंत मी मुद्रकाविरुद्ध चार आक्षेप मनात मांडले होते. सहाव्या पानावर ते मागे घेतले.

"लाल आणि हिरवा तुम्हाला वेगळे दिसत नाहीत," बाई म्हणाल्या. "जन्मापासूनच. घाबरू नका, हिचे डोळे सकाळीच तपासलेत, निर्दोष आहेत." मग त्यांनी पट्ट्या सोडून मजकूर वाचायला घेतला. ताईच्या राज्यत्यागाशी त्या थबकल्या, दाजींच्या फ्रीजशी त्यांचा चष्मा घसरला. शेवटी त्यांनी अर्ज चिमणीपुढे सरकवला. "पण सातव्या पानावर 'नाही' चालणार नाही. दृष्टिदोष विचारलाय."

चिमणीने 'नाही' खोडले आणि लिहिले: 'मामांना लाल-हिरवा कळत नाही. बाकी सगळे ठणठणीत.' माझी चौसष्ट पाने दोन ओळींत मावली आणि वर जागाही उरली! बाईंनी 'पात्र' असा शिक्का मारला. तो कोणत्या रंगाचा होता, हे विचारण्याची माझी छाती झाली नाही.

घरी बातमी कळताच बाबांनी स्वतःहून खुर्चीत बसून एक गिरकी घेतली. ताईने चिमणीला मिठी मारली आणि लगेच छातीवर हात ठेवून खाली बसली. "धडधडतंय ग बाई! आता माझं दुखणं मी परत घेते." लोखंडी कपाट मधल्या दारातच अडकून पडले होते, अजून तिथेच आहे.

संध्याकाळी बायको आवृत्ती मांडीवर घेऊन पट्ट्या तपासत बसली.

"सगळ्या चुकल्यात?" मी विचारले.

"एक बरोबर आहे."

"कोणती?" मला जरा धीर आला.

तिने शेवटचे पान उघडून माझ्यापुढे धरले. संपादक. वय अठ्ठावन्न. कडेला पट्टी.

"लाल आहे," ती म्हणाली. "व्याधी सिद्ध!"