मिक्सर-दौलतीने देशी अंश सर केला, त्याची हकीकत

धाकट्या मालकांची आज्ञा जाहली की, गेल्या साली आपल्या मिक्सरच्या कारखान्यावर मोजणीचे संकट चालून आले, ते कैसे आले, कोण कैसा झुंजला, कोणी कच खाल्ली आणि अखेर फत्ते कैसी जाहली, हे सर्व पुढील पिढ्यांच्या माहितीस्तव लिहून ठेवावे. त्यावरून सेवक, जो या कारखान्यात आवकजावकीचा कारकून आहे आणि ज्याची खुर्ची नेमकी दाराशी असल्याकारणे येणारा, जाणारा आणि ओरडणारा असा एकही इसम त्याचे नजरेतून सुटत नाही, त्याने जे पाहिले ते पाहून आणि जे न पाहिले ते चहावाल्याकडून खातरजमा करून, हा मजकूर लिहिला आहे. यात पदरचे काही घातले नाही. घालण्याची गरजच पडली नाही.

तरी प्रथम दौलतीचे मूळ ऐकावे. ही दौलत थोरल्या मालकांनी, जे आता हयात नाहीत, पत्र्याच्या एका शेडात उभी केली आणि त्यांचे जोडीस त्यांची धाकटी बहीण होती, जिला पहारेकऱ्यापासून बँकेच्या साहेबापर्यंत तमाम लोक आत्याबाई म्हणतात. थोरल्या मालकांनी भांडी आणि पाती करावी आणि आत्याबाईंनी तांब्याची तार गुंडाळून मोटर भरावी, ऐसा बंदोबस्त होता आणि मिक्सर अथपासून इतिपर्यंत घरचा होता. मग थोरले मालक गेले आणि त्यांचे चिरंजीव, धाकटे मालक, गादीवर आले आणि ते समुद्रापार एका प्रदर्शनास गेले आणि तेथे एक मोटर त्यांचे दृष्टीस पडली, जी स्वस्त, चकचकीत आणि अगदी बिनआवाजाची होती. मालक तिजवर लट्टू होऊन परतले. मग पेट्याच्या पेट्या येऊ लागल्या, वाइंडिंगच्या खोलीस कुलूप पडले आणि आत्याबाई आपल्या हाताखालच्या बायकांसह पॅकिंगवर रवाना जाहल्या. तेसमयी आत्याबाई इतकेच बोलल्या की, "बरं बाबा, मोठा झालास." भाच्याने ती शाबासकी समजली.

ऐसे सुखात चालले असता राजधानीहून नवे फर्मान आले की, या मुलखात जे जे यंत्र तयार होईल, त्यात शंभर भागांपैकी साठ भाग देशी असलेच पाहिजेत, न असतील त्या कारखान्याचा माल सरकारी इस्पितळांच्या आणि वसतिगृहांच्या स्वयंपाकघरांस घेतला जाणार नाही. आदले साली ही मोजणी किमतीवर होती, तेव्हा तमाम कारखानदारांनी घरच्या स्क्रूची किंमत सोन्याच्या भावाने लावून हुजुरांचे डोळ्यांत धूळ फेकली होती. सबब या खेपेस हुजुरांनी शहाणे होऊन मोजणी वजनावर ठेविली, कारण वजन खोटे बोलत नाही ऐसा हुजुरांचा समज होता. आता आमचा निम्मा माल सरकारी स्वयंपाकघरांतच जातो. तो गेला तर जुळणीचा मजला बंद आणि मजला बंद तर तेथील तमाम बायाबापड्या घरी, ही गोष्ट सर्वांस ठाऊक होती आणि डबा खाताना दुसरा विषय नव्हता.

मग मालकांचे थंड हवेच्या केबिनीत खलबत बसले. प्रॉडक्शन मॅनेजर, ज्यांस या बखरीत सरलष्कर म्हटले आहे कारण ते चालतातच तसे, त्यांनी एक मिक्सर खोलून गोदामाच्या काट्यावर तुकडा तुकडा चढविला आणि पाहतात तो काय, एकटी परदेशी मोटर बाकी सर्वांस भारी! देशी म्हणावे तर झाकण, भांडे, बटण आणि चार रबरी पाय. मालकांचे तोंड उतरले. इतक्यात आत्याबाई, ज्यांस कोणी बोलाविले नव्हते, हातातली चिकटपट्टी तशीच घेऊन आत शिरल्या आणि म्हणाल्या, "त्यात एवढं डोकं काय धरून बसलाय? मोटर इथंच भरू या. खोली उघड."

सरलष्करांनी अर्ज केला की, मोटर उभी करण्यास साल जाईल, परंतु मिक्सरचे बूड आतून पोकळ आहे, त्यात वाळू भरली तर काम एका दुपारचे आहे आणि वाळू तर निखालस देशी, आपल्याच कंपाउंडभिंतीच्या कामातली उरलेली. ही मसलत ऐकून मालक इतके खूश जाहले की खुर्चीतून अर्धे उठले. तरीपण आत्या ती आत्या, तिला तोंडावर नाही कसे म्हणावे? म्हणोन मालकांनी हुकूम फर्माविला की, सरलष्करांनी वाळूची मोहीम चालवावी आणि आत्याबाईंनी डब्याच्या सुट्टीत वाटल्यास एक मोटर भरून पाहावी, आमची हरकत नाही.

आत्याबाई म्हणाल्या, "एक भरून काय तिची पूजा करू? मोजणीत उपयोगी पडली तर खोली कायमची उघडशील का, ते सांग."

"उघडीन," मालक म्हणाले. "शब्द देतो."

सर्वांसमक्ष दिला. सेवक चहाचे कप मोजण्याच्या मिषाने तेथेच होता.

मग वाळूच्या मोहिमेचा डंका वाजला. वाळू चाळली, धुतली, पत्र्यावर वाळविली आणि स्टोअरच्या माणसांनी नरसाळ्याने प्रत्येक बुडात कोंबली आणि वरून डांबर ओतून तोंड बंद केले. सरलष्कर स्वतः कमरेवर हात ठेवून देखरेखीस उभे होते. मिक्सर जो पूर्वी एका हाताने उचलला जाई, तो आता दोघांनी "हं, उचल" करून उचलावा लागला आणि पुठ्ठ्याची खोकी बुडाशी फाटू लागली आणि एक मिक्सर स्टोअरकीपरच्या पायाच्या अंगठ्यावर उतरला. ते गृहस्थ या मोहिमेचे पहिले जखमी होत. त्यांस औषधपाणी करून दोन दिवस रजा बहाल जाहली, ती पगारी की बिनपगारी याचा निवाडा अद्याप लागलेला नाही.

मालकांनी परीक्षेसाठी त्यांतला एक मिक्सर स्वगृही नेला. ड्रायव्हरने तो कसाबसा ओट्यावर चढविला आणि ओट्याची फरशी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तडकली. मालकीणबाई, ज्यांचा स्वभाव मूळचाच सडेतोड, त्यांनी तो जरा भिंतीकडे सरकविण्याचा यत्न केला आणि मिक्सर तसूभर हलला नाही.

"अहो, हा मिक्सर आहे की जातं?"

"देशी आहे," मालक बोलले.

"असेल. पण याच्याखाली पुसायचं झालं तर मी काय क्रेन बोलवू?"

मालकांनी वर्तमानपत्र उघडले. फरशीचा विषय मालकीणबाईंनी पुढे कित्येक दिवस थंड होऊ दिला नाही.

इकडे वाइंडिंगच्या खोलीचे कुलूप तेल घालून निघाले. आत जळमटे, उंदरांनी कुरतडलेला इन्सुलेशनचा कागद आणि भिंतीवर थोरल्या मालकांच्या हातची तारेच्या जाडीची जुनी कोष्टके होती. आत्याबाईंनी चष्मा पुसला, बायकांस बसविले आणि डबा एका हाताने खात दुसऱ्या हाताने तार ओढण्याचा क्रम सुरू जाहला. पहिली मोटर जळली आणि धुराने सारा मजला खोकू लागला आणि सरलष्करांनी येऊन अग्निशामक नळकांडे दाखविले. दुसरी चालली, परंतु उलटी फिरली. बायका पोट धरून हसल्या आणि आत्याबाईही हसल्या, मग एकाएकी म्हणाल्या, "दादा असता तर मला ओरडला असता गं. सोडा सगळं, परत भरा."

तिसरी मोटर सरळ फिरली. आवाज मात्र ऐसा केला की खालच्या मजल्यावरचा हिशेबनीस वर धावत आला. आत्याबाईंनी ती तापते किंवा कैसे हे पाहण्यास तिजवर तळहात ठेविला आणि तापत नाही हे कळल्यावरही काढला नाही. या ठिकाणी सेवकाचे लेखणीस थोडे जड वाटते, परंतु आज्ञा युद्ध लिहिण्याची आहे, सबब पुढे जातो.

मग नेमल्या दिवशी राजधानीचे मोजणीसाहेब मोटारीतून उतरले. देह किरकोळ, आवाज बारीक, परंतु बगलेत सरकारी शिक्का, त्यामुळे सर्वांचे हात आपोआप जुळले. सरलष्करांनी सामोरे जाऊन त्यांस सभागृहात आणिले. टेबलावर दोन ट्रे मांडले होते, एक देशी, एक परदेशी. साहेबांनी बिस्कीट नाकारले, तेव्हाच जाणत्यांस धडकी भरली. मग त्यांनी मिक्सर उचलण्यास हात घातला, तो उचलेना, मग दोन्ही हात घातले, तरी उचलेना, मग तो जागीच आडवा करवून बूड ठोकले आणि डांबर खरवडले आणि वाळूची धार टेबलावर लागली.

"ही काय काम करते?" साहेबांनी पुसिले.

"स्थैर्य देते, सर," सरलष्कर म्हणाले.

"मग शेजारी एक गोणी ठेवा. सगळी काढा बाहेर."

हाय हाय! काय तो प्रसंग! ज्या वाळूसाठी फौज राबली, ती सुपाने भरभरून बाहेर गेली आणि खोललेल्या मिक्सरचे तुकडे ट्रेंत मांडले, तो देशी ट्रे हलका पडला आणि परदेशी मोटर आपल्या ट्रेत चकचकीत बसून राहिली. सरलष्करांस अचानक महत्त्वाचा फोन आला आणि ते बाहेर गेले. फोन वाजलेला कोणी ऐकला नाही. मालक कधी छताकडे, कधी साहेबांच्या शिक्क्याकडे पाहत होते आणि दाराशी जुळणीच्या बायका जमल्या होत्या, त्यांतली एक सेवकास हळूच म्हणाली, "भाऊ, गेलं का हो आपलं?"

तेसमयी आत्याबाई गर्दीतून वाट काढीत आत आल्या. हातात जुन्या फडक्यात गुंडाळलेली मोटर. भाच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. टेबलावरचा पाना उचलला, परदेशी मोटर बाजूस सारली, आपली बसविली, स्क्रू आवळले, तार जोडली आणि बटण दाबले. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. साहेबांनी एक कान झाकला आणि म्हणाले, "आवाज आहे हो फार."

"असणारच," आत्याबाई म्हणाल्या. "घरची आहे. गप्प बसायची सवय नाही तिला."

साहेब प्रथमच हसले. मग त्यांनी ती मोटर खोलून तार कोठली, पत्रा कोठला, बेअरिंग कोठले, ऐसे एकेक पुसून घेतले. बेअरिंग आणि कार्बनचे ब्रश परदेशी निघाले, ते त्यांनी निर्दयपणे पलीकडे टाकले. बाकी अवघी मोटर देशी ट्रेत उतरली आणि देशी अंश साठ ओलांडून पुढे गेला. साहेबांनी शिक्का उमटविला आणि आता बिस्कीटही घेतले. मजल्यावर एकच गलबला जाहला आणि कोणी कोणास मिठ्या मारल्या याचा सुमार राहिला नाही. सरलष्करांचा फोनही नेमका त्याच वेळी संपला.

साहेब कूच करून गेल्यावर मालकांनी दरबार भरविला. सरलष्करांनी भाषण केले की, आमच्या आखणीस यश आले. मालकांनी आत्याबाईंस वाकून नमस्कार केला आणि त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते, हे नमूद करणे न्यायाचे आहे. टाळ्या थांबल्या, तेव्हा आत्याबाईंनी विचारले, "मग उद्यापासून बायकांना वर नेऊ ना?"

मालक गोंधळले. "कुठे वर?"

"खोलीत. मोटर भरायला."

"आत्या, आता कशाला? पास झालो की आपण!"

मग मालकांनी मोठ्या प्रेमाने समजाविले की, शिक्का सालभर चालतो आणि साहेब मोजतात तो एकच नमुना, गोदामात परदेशी मोटरी छतापर्यंत रचल्या आहेत, त्या काय टाकून द्यावयाच्या? आणि वाळूही निघाली, तेव्हा माल पुन्हा हलका, वाहतूकही सोपी. आत्याबाई म्हणाल्या, "शब्द दिला होतास." मालक म्हणाले की, शब्द मोजणीपुरता होता आणि मोजणी तर संपली. बायका खाली पाहू लागल्या. आत्याबाई "बरं" म्हणून पॅकिंगकडे चालू लागल्या.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, तिची नोंद ऐसी: दौलतीस देशीपणाचा सरकारी शिक्का मिळाला. मालकांस उद्योगसभेत सत्कार आणि सरलष्करांस बढती व नवी खुर्ची मिळाली. विजयी मोटर स्वागतकक्षात काचेच्या पेटीत ठेवण्यात आली, तिजवर दिवा सोडला आहे, वीजजोड दिलेला नाही. वाइंडिंगच्या खोलीत उरलेली वाळू भरून कुलूप घातले. आत्याबाईंस ज्येष्ठत्वाचा मान म्हणोन, परदेशी मोटरीच्या प्रत्येक खोक्यावर 'देशी' हा शिक्का मारण्याचे काम बहाल जाहले.

पहिल्याच दिवशी सरलष्कर फेरीवर आले आणि म्हणाले, "आत्याबाई, शिक्का उलटा पडतोय."

"खोकं उघडून आत बघ," आत्याबाई म्हणाल्या, "आणि मग मला सांग, उलटं काय आहे ते."

सरलष्कर पुढे गेले. मग शेजारच्या बाईनेही उलटा मारला आणि तिच्या शेजारणीनेही, आणि संध्याकाळपर्यंत तमाम माल उलट्या शिक्क्याचा रवाना जाहला आणि तो सरकारी इस्पितळांत, वसतिगृहांत, सर्वत्र रुजू होऊन वापरातही आला. आजतागायत त्याबद्दल एकाही ठिकाणाहून तक्रार आलेली नाही, हे सेवकाने आवक तपासून येथे लिहिले असे.