गणोजी गव्याचा काळापांढरा फोटो

एका जंगलात, बाळांनो, साळूताई नावाची एक साळिंदरीण राहायची. साधी, कष्टाळू, कंदमुळं उकरणारी. तिला कसलंही व्यसन नव्हतं. म्हणजे, त्या दिवसापर्यंत नव्हतं.

त्या दिवशी वाघ बघायला माणसं आली. वाघ काही दिसला नाही. मग ती आपसात भांडली आणि भांडणाच्या नादात एक पेटी विसरून गेली. पेटीत जुना कॅमेरा, काळ्यापांढऱ्या फिल्मचे रोल, फोटोचा कागद आणि धुवायच्या औषधांच्या बाटल्या!

साळूताईने खटपट करकरून एका सशाचा फोटो काढला. बिळात अंधार होताच. दगडाच्या खळग्यात औषध ओतून तिने कागद बुडवला आणि श्वास रोखून बसली. आधी दोन कान आले. मग मिशा. मग अख्खा ससा तिच्याकडे टकामका बघायला लागला. साळूताईच्या अंगावर काटा आला. तिला तो रोजच असतो, पण हा आनंदाचा होता.

"अगं बाई! अगं बाई गं!" म्हणत ती बिळाबाहेर येऊन गोल गोल नाचली.

झालं. तहानभूक हरपली. कोळ्याचं दवाने भिजलेलं जाळं, ऐनाची भेगाळलेली साल, घुबडाची जांभई, जे दिसेल ते काढत सुटली. दिसेल त्याला थांबवून सांगायची, "अहो, सावलीत किती प्रकारचे काळे असतात, ठाऊक आहे का तुम्हाला?" कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणाला ते जाणूनही घ्यायचं नव्हतं.

मग तिने मोराचा फोटो काढला आणि घोटाळा झाला.

"माझे रंग कुठे गेले?" मोर किंचाळला.

"रंग सगळ्यांनीच पाहिलेत हो, मोरराव. तुमची मान किती डौलदार आहे, ते आज कळलं!"

"मान काय, बगळ्यालाही असते!"

मोर तडक सिंहमहाराजांकडे गेला. महाराजांना दुपारची झोप प्यारी. वाद झटपट मिटवायला ते तिला बोलावून म्हणाले, "साळूताई, एक फोटो पाणवठ्यावर लाव. जंगल थांबून बघत राहिलं तर कॅमेरा तुझा. नाही बघितलं तर कॅमेरा डोहात. उद्या सकाळी आम्ही येतो."

कॅमेरा गेला तर पुन्हा नुसती कंदमुळं! खूप विचार करून तिने गणोजी गव्याला गाठलं. गणोजी म्हातारा, तिरसट. त्याला कोणी रामराम घालत नसे. पण त्याच्या मानेवरच्या सुरकुत्यांवर संध्याकाळचं ऊन असं काही पडायचं की साळूताईला रडूच यायचं. तिने फोटो काढला, मोठा केला, वेताची चौकट करून वडाच्या बुंध्याला टांगला.

आता मला सांगा बाळांनो, तुमच्या घरी भिंतीवर आजोबांचा काळापांढरा फोटो आहे ना? त्या फोटोखाली बसून चहा पिणारे आजोबा तुम्ही कधी पाहिलेत?

जंगलानेही पाहिले नव्हते.

"अरेरे! गेला म्हातारा!" सकाळी हरिणी ओरडली आणि घाणेरीच्या फुलांचा हार घेऊन आली. बघता बघता सगळं जंगल जमलं. कोल्हा दगडावर चढला. "आपला आधारवड हरपला! अजातशत्रू व्यक्तिमत्त्व!" तो म्हणाला. चिखलाच्या डबक्यावरून गणोजीशी जन्मभर भांडलेलं रानडुक्कर धाय मोकलून रडलं, "डबकं तुझंच होतं रे, गणोजी!"

तेवढ्यात खुद्द गणोजी पाणी प्यायला आला. गर्दीच्या मागे उभा राहिला.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"हळू बोला," मागे न बघता हरिणी म्हणाली. "गणोजीराव गेले."

"अरेरे. कसा होता?"

"देवमाणूस हो! म्हणजे, देवगवा."

गणोजीला हे आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. तो शेवटच्या भाषणापर्यंत गुपचूप उभा राहिला आणि मग, आवरेना तेव्हा, मोठ्याने हुंदका दिला.

सगळे वळले.

"तुम्ही जिवंत?" कोल्हा संतापला. "या वयात हे शोभतं का? माझं भाषण फुकट गेलं!"

"डबकं माझंच आहे!" रानडुक्कर डोळे पुसत म्हणालं.

साळूताई चौकट उतरवायला धावली. पण महाराज केव्हाचे झाडामागून बघत होते. अख्खी सकाळ जंगल त्या फोटोपुढून हललं नव्हतं. महाराज हळूच तिच्याजवळ आले आणि कानात कुजबुजले, "कॅमेरा तुझा. उद्या आमचा एक काढशील? काळापांढराच हं. आणि कोल्ह्याला सांग, भाषण जरा लांबलचक कर."

साळूताईने तिथेच तीन गिरक्या घेतल्या. दुसऱ्या दिवसापासून तिच्या बिळासमोर रांग लागली. आता त्या जंगलात सगळेच कैलासवासी आहेत आणि अगदी मजेत आहेत.

तात्पर्य : कोणाचंही कौतुक त्याच्या हयातीत करू नये; त्याने त्याचा स्वभाव बिघडतो. अगदीच राहवत नसेल, तर आधी त्याचा काळापांढरा फोटो काढून घ्यावा.