एक बोट उंच धुराडं

पाहुणे यायला अर्धा तास उरला असताना इंजिनाचं धुराडं शेडच्या दाराच्या चौकटीला टेकलं आणि अस्सलरावांनी "थांबा!" म्हणून आरोळी ठोकली.

अस्सलराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. संग्रहालयातलं ते शंभर वर्षांचं, वाफेवरचं छोटं इंजिन दुरुस्त करताना हे निवृत्त फिटर नऊ वर्षं एकच वाक्य बोलत आले होते, "मूळचं जसं होतं तसंच." म्हणून मंडळींनी हे नाव पाडलं. मधल्या काळात कुणा शहाण्याने धुराडं कापून आखूड केलं होतं. जुना नकाशा शोधून, मूळ उंचीचं धुराडं घडवून, ते अस्सलरावांनी गेल्याच आठवड्यात बसवलं. इंजिनाचा इंच न् इंच त्यांनी मोजला होता. दार तेवढं मोजलं नव्हतं. दार कोण मोजतं हो?

आणि आज इंजिन स्वतःच्या वाफेवर बाहेर आलं नाही, तर त्याची रवानगी बागेतल्या चौथऱ्यावर होणार होती. पोटात माती भरून फुलझाडं लावायची, असा ठराव आजचे मुख्य पाहुणे असलेल्या नगरपालिकेच्या अध्यक्षांच्या खिशात तयार होता. नऊ वर्षं घासूनपुसून शेवटी काय, तर कुंडी!

"किती अडतंय?" खास बोलावलेले म्हातारे ड्रायव्हर इंजिनातून ओरडले.

"एक बोट!"

"मग काढा की धुराडं!"

"कसं काढू? चटका बसतोय. गार करायचं तर आग विझवा, आग विझली की वाफ गेली, वाफ गेली की पुढचे चार तास बसा टाळ कुटत!"

"मग वरची चौकट कापा."

"खबरदार!" संग्रहालयाच्या संचालकबाई किंचाळल्या. "ही शेड इंजिनापेक्षा जुनी आहे. एक खिळा जरी उपटलात तर माझी नोकरी जाईल."

अध्यक्षांचा शिपाई आधीच येऊन हे सगळं बघत उभा होता. त्याने हळूच सुचवलं, "चाकांतली थोडी हवा सोडली तर?"

सगळ्यांनी लोखंडी चाकांकडे पाहिलं, मग शिपायाकडे. ड्रायव्हर तर हसता हसता खोकायला लागले.

"हसताय काय?" डबा घेऊन आलेल्या काकू, म्हणजे अस्सलरावांच्या सौभाग्यवती, पुढे झाल्या. "अहो, तुमचे मोठे बंधू बसले की आपला सोफा किती खाली जातो? याला स्प्रिंगा आहेत ना?"

"आहेत. मूळच्याच."

"मग बसवा माणसं!"

आधी टाक्या काठोकाठ भरल्या, तेवढ्यानं पाव बोट मिळालं. मग बॅंडवाले चढले, ढोलासकट. स्वागताच्या मुली, माळी, फोटोग्राफर, चहावाला किटलीसह, सगळे मिळेल त्या कठड्याला लोंबकळले. संचालकबाई कोळशावर रुमाल पसरून बसल्या. तरी नखभर अडतच होतं.

तेवढ्यात अध्यक्षांची गाडी आली. ते उतरले तशी गाडी चांगली वीतभर वर आली. काकूंनी नवऱ्याला कोपराने ढोसलं.

अस्सलराव धावत गेले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, तुमच्याशिवाय हे इंजिन जागचं हलणार नाही!"

हे वाक्य अध्यक्षांनी हजार वेळा ऐकलं होतं, पण इतक्या कळवळ्याने कुणी म्हटलं नव्हतं. ते खुलले. "असं म्हणता? कुठे बसू?"

"अगदी पुढे. मानाची जागा!"

अध्यक्ष धुराड्यापुढच्या फळीवर बसले. खालून कर्र आवाज आला. "माना खाली!" ड्रायव्हर ओरडले आणि त्यांनी दांडा ओढला. इंजिन फुसफुसलं, हललं, आणि धुराडं चौकटीखालून अस्सं सुटलं की मध्ये पोस्टकार्डसुद्धा गेलं नसतं. बॅंडवाल्यांनी वाकल्या वाकल्याच वाजवायला सुरुवात केली. अस्सलरावांना रडू आवरेना.

मैदानाला वळसा घालून इंजिन थांबलं तेव्हा अध्यक्षांचं तोंड तव्यासारखं काळं झालं होतं आणि त्यात दात चमकत होते. "ठराव रद्द!" ते गरजले. "आणखी एक फेरी!"

चार फेऱ्या झाल्या, भाषणं झाली, मंडळी पांगली. मग अस्सलराव इंजिन आत न्यायला निघाले. आता टाक्या रिकाम्या, कोळसा संपत आलेला आणि माणसं घरी. धुराडं चौकटीच्या चांगलं दोन बोटं वर!

"आता रात्रभर गार होऊ द्या, आणि उद्या वरून कापून टाका तेवढं," काकू म्हणाल्या.

अस्सलरावांनी असं पाहिलं, जणू बायकोने त्यांचाच गळा कापायला सांगितलाय. "मूळचं जसं होतं तसंच!"

"मग रोज काढा आणि घाला."

"बोल्ट झिजतील!"

दुसऱ्या दिवशी शेडवर पाटी लागली: 'इंजिन सकाळी बाहेर काढण्यासाठी व संध्याकाळी आत नेण्यासाठी रोज तीस नागरिक हवेत. कृपया भरपेट जेवून यावे.' खाली नाव आणि वजन लिहायची वही ठेवली होती. पहिलं नाव अध्यक्षांचं, दोन्ही वेळांसाठी. त्यांनी वजनही स्वतःच्या हाताने लिहिलं.

ते वळताच काकूंनी तो आकडा खोडला आणि त्यात चाळीस किलो वाढवले.