आधी मैना, मग बंडूजी

पाहुणे जेवायला येणार म्हणून कुसुमबाई पहाटेपासून कामाला लागल्या होत्या, आणि त्यांचे पती बंडूजी पहाटेपासून धास्तावले होते. पाहुण्यांची त्यांना भीती नव्हती. पाहुणे सोबत काय घेऊन येणार, याची होती.

कारंज्याच्या मधुकररावांनी संत्र्याची बाग काढून ड्रॅगन फ्रूट लावलं होतं. त्यांचा मुलगा नयन आणि बंडूजींची मुलगी अंकिता यांचं एकमेकांशी केव्हाच जमलं होतं. आता दोन्ही घरांनी एका पंगतीला जेवायचं आणि होकार द्यायचा, एवढंच उरलं होतं. एकमेकांना इवाई, म्हणजे व्याही, म्हणायची वेळ अजून आली नव्हती.

बंडूजींनी जन्मभर हिंगणघाटच्या बाजारात वांगी, भेंडी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विकल्या. लोकांना नाना भाज्या खाऊ घातल्या, पण स्वतः मात्र लहानपणी जे खात होते तेच खात राहिले. नवा पदार्थ समोर आला की त्यांच्या कानशिलावर घाम यायचा. लग्नाला जाताना ते दुपट्ट्यात भाकर बांधून न्यायचे. अंकिताला आधी आलेलं जाम गावचं स्थळ याच भीतीपायी हातचं गेलं. तिथे कौतुकानं वाढलेलं मंचुरियन त्यांनी सगळ्यांची नजर चुकवून सदऱ्याच्या खिशात टाकलं, आणि निरोप घ्यायला वाकले तेव्हा त्याचा लाल रस्सा यजमानांच्या नव्या सोफ्यावर ठिबकला. त्या घरून पुढे फोन आला नाही.

"बाबा, आज खिसा चालणार नाई," अंकितानं सकाळीच बजावलं. "तुमच्यासाठी बिनखिशाचा सदरा काढून ठेवला हाय. नयनच्या घरचं फळ तुमी तोंडात नाई घातलं, तर मी काय तोंड दाखवू त्याले?"

"मी कुठी नाई म्हणून राह्यलो?" बंडूजी म्हणाले. "पण आधी मैना खाईन, मग मी."

मैना म्हणजे गोठ्यातली गाय. जेवणाआधी गाईला घास द्यायचा, हा त्या घरचा रिवाजच होता. बंडूजींनी त्याला आपलं एक कलम जोडलं होतं. घरात काही नवं आलं की पहिला घास मैनेला. तिनं खाल्लं तर माणसानं खायचं, तिनं तोंड फिरवलं तर तो जिन्नस थेट उकिरड्यावर.

"थे गाय हाय का डाक्टर?" कुसुमबाई चिडून विचारायच्या.

"डाक्टर चुकते. गाय चुकत नाई."

मैनेनं आजवर एकही नवी गोष्ट पास केली नव्हती. पाण्याचं जुनं टाकं फुटलं म्हणून निळा ड्रम आणला, तेव्हा ती त्याच्याकडे पाठ करून तहानलेली उभी राहिली होती. बंडूजी तिला शहाणी म्हणायचे. ती त्यांच्याइतकीच भित्री होती, हे त्या दोघांखेरीज घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

पाहुणे आले. मधुकरराव, त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई आणि पाठीमागे खोकं घेतलेला नयन. खोकं उघडलं आणि बंडूजी दोन पावलं मागे सरले. फळाला खवले होते! नयननं सुरी फिरवली तर आतून लालभडक रस हातावर ओघळला. बंडूजी आणखी एक पाऊल मागे गेले.

"घ्या ना बंडूजी," सुलोचनाबाईंनी नव्याकोऱ्या चकचकीत ताटात फोडी मांडल्या. "बोहणी तुमच्या हातानं."

"आधी... आधी गाईले घास," बंडूजी कसेबसे म्हणाले.

"पाहा बाई, किती चांगलं वळण हाय या घरचं!" सुलोचनाबाई एकदम हरखल्या, आणि सगळी वरात त्यांच्यामागून गोठ्याकडे निघाली. बंडूजींना एकट्यानं जायचं होतं, पण ते आता कोणाला सांगणार?

मैनेनं समोर पाहिलं. तीन अनोळखी माणसं, उन्हात झगमगणारं ताट आणि त्या ताटात लाल काहीतरी. तिनं नाक फेंदारलं, जोरात फुस्स केलं आणि खुंट्यासकट दावं उपटून ती वांग्यांच्या वाफ्यातून जी पळाली, ती कडब्याच्या गंजीमागे जाऊन थांबली.

"गाईनं नाई म्हटलं," बंडूजी म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता आणि ते लपवणं त्यांना जमलं नाही.

मधुकररावांचा चेहरा उतरला. "म्हंजे आमचा माल जनावरबी खात नाई, असं म्हंता तुमी?"

"मी नाई म्हणत. थे म्हणून राह्यली."

"चाला हो," सुलोचनाबाईंनी पदर सावरला. "पाहुण्यानं आणलेल्या वस्तूची अशी परीक्षा घेतात का कुठी?"

अंकितानं वडिलांकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. बंडूजींना फळाची भीती होतीच, पण त्या डोळ्यांची त्याहून जास्त वाटली. जाममध्ये जे झालं तेच आज पुन्हा होत होतं, आणि आज तर खिसाही नव्हता.

तेवढ्यात अंकिता झपकन वळली. तिनं मैनेचं जुनं चेपलेलं घमेलं उचललं, त्यात भिजवलेली सरकीची ढेप, मैनेची रोजची पेंड, घातली आणि ताटातल्या चार फोडी त्यात कालवून टाकल्या. घमेलं गंजीजवळ ठेवून ती बाजूला झाली. ओळखीचं घमेलं, ओळखीचा वास. मैना हळूहळू पुढे आली आणि तिनं मान आत घातली ती वर काढेचना. काढली तेव्हा तिचं तोंड लालभडक झालं होतं आणि हनुवटीवरून लाल थेंब गळत होते.

"रक्त!" बंडूजी ओरडले. "मैनेच्या तोंडातून रक्त आलं!" आणि ते मटकन खाली बसले.

ओरडा ऐकून शेजारचा कवडू काठी घेऊन धावत आला. "कुठी हाय वाघ?"

"काका, रक्त नाई, रंग हाय तो," नयन म्हणाला. खात्री पटावी म्हणून त्यानं एक फोड तोंडात टाकली आणि जीभ बाहेर काढून दाखवली. ती लालभडक जीभ पाहून बंडूजींनी डोळेच मिटून घेतले.

"उठा," कुसुमबाई म्हणाल्या. "गाईनं खाल्लं. आता तुमचा नंबर."

नियम त्यांचाच होता. सगळे त्यांच्याकडे पाहत होते, कवडूसुद्धा. सवयीनं त्यांचा हात छातीपाशी गेला, पण खिसा नव्हता. कुसुमबाईंनी चकचकीत ताट बाजूला सारलं आणि आतून बंडूजींची काठ चेपलेली जुनी थाळी आणली. थाळीत ज्वारीची चतकोर भाकर, वर झुणका आणि झुणक्याला टेकून एक लाल फोड. बंडूजींनी थाळीकडे पाहिलं, मग गंजीजवळच्या घमेल्याकडे पाहिलं.

"मले गाय समजली का तू?"

"शहाणी हाय म्हंता ना तुमी तिले?"

अंकिता डोळे पुसत उभी होती. बंडूजींनी तिच्याकडे एकदा पाहिलं, भाकरीत फोड गुंडाळली, डोळे घट्ट मिटले आणि घास गिळला. मग ते तसेच बसून राहिले. आता काहीतरी होईल, मग होईल, म्हणून वाट पाहत राहिले. काहीच झालं नाही.

"अवो, कसं लागलं?" कुसुमबाईंनी विचारलं.

"काईच लागत नाई," बंडूजी जरा फसवल्यासारखे म्हणाले. "गोड पाणी हाय नुसतं. याले इतकं भेलो मी?"

अंकिता खुदकन हसली. सुलोचनाबाईंनी पदर सैल सोडला. बंडूजींनी ताटातली दुसरी फोड आपल्या हातानं उचलली, थाळीत ठेवली आणि थाळी मधुकररावांपुढे सरकवली.

"आता तुमी घ्या."

"नाई, नाई, माह्यं पोट भरलं हाय," मधुकरराव घाईघाईनं म्हणाले. अजून कोणीच जेवलेलं नव्हतं.

नयननं मान खाली घातली. "काका, बाबानं अजून चाखलं नाई थे. बाग लावली, पण म्हणते, दिसते कसं पाह्य ना, याले खाऊ कसा?"

मधुकररावांच्या कानशिलावर घाम आला होता. त्यांचा एक हात नकळत सदऱ्याच्या खिशाकडे चालला होता. बंडूजी तो घाम ओळखत होते, तो खिसाही ओळखत होते. ते उठले, मधुकररावांच्या अगदी जवळ जाऊन बसले आणि जुनी थाळी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"घ्या, इवाई," ते हळूच म्हणाले. "भेऊ नका. गाय अजून उभी हाय."