वयाने मोठा तो पुढे

शिकवण्यात काही अवघड नसतं, हे मी पाच आठवड्यांत ओळखलं होतं. फळ्यावर लिहायचं, वळून बघायचं आणि समोरच्यांना कळलंय असं धरून चालायचं. एवढ्यासाठी लोक इतक्या पदव्या का घेतात कुणास ठाऊक. म्हणून सहाव्या आठवड्यात जेव्हा विभागप्रमुखांनी सांगितलं की गुरुवारी कमिटी तुमचा तास बघायला येणार आहे, तेव्हा मी म्हटलं, खुशाल येऊ द्या. खुर्च्या तेवढ्या जास्त मागवा.

माझी खरी नोकरी लॅब सांभाळायची. सव्वीस वर्षं मी कॉम्प्युटर पुसले, वायरी जोडल्या, कीबोर्डमध्ये पोरांनी सांडलेला चहा उलटा करून झटकला. पहिल्या वर्षाला प्रोग्रामिंगची ओळख करून देणारा विषय माझी बायको शिकवायची, लॅबच्या शेजारच्याच खोलीत. मध्ये प्लायवूडची भिंत. तिचा प्रत्येक तास मी एकोणीस वर्षं ऐकला आहे, तोही फुकट.

आठ महिन्यांपूर्वी ती गेली. दुसरं कुणी रिकामं नव्हतं म्हणून विषय तात्पुरता माझ्या गळ्यात पडला. आता नवा माणूस सापडला होता. तरुण होता, आणि चष्मा डोक्यावर ठेवून डोळे बारीक करून वाचायचा. विषय त्याला द्यायचा की माझ्याकडे ठेवायचा, हे कमिटी ठरवणार होती. मला तो हवा होता. घरातलं तिचं म्हणून जे काही होतं ते तिच्या बहिणींनी 'आठवण म्हणून' पिशव्या भरभरून नेलं. तिसरी तर येताना पिशवी घेऊनच आली. हा एक तास कुणाला पिशवीत घालता येत नव्हता.

बायकोचा स्वभाव सांगायला हवा, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तिला सांगायचं ते नेमकं सांगावं लागे. 'जरा दुधाकडे बघ' म्हटलं की ती बघायची. दूध उतू जायचं आणि ती बघतच असायची. वर म्हणायची, गॅस बंद कर असं कुठे म्हणालास? वर्गातही तेच. अल्गोरिदम म्हणजे कामाच्या पायऱ्या, आणि त्या अशा सांगायच्या की अजिबात अक्कल नसलेल्यालाही काम जमलं पाहिजे. शेवटी शेवटी दवाखान्यात तिने डॉक्टरांना विचारलं, किती दिवस. डॉक्टर म्हणाले, थोडे. ती म्हणाली, "थोडे म्हणजे किती, आकडा सांगा." त्यांनी नाही सांगितला. मोठा डॉक्टर, पण तिच्या वर्गात नापास झाला असता.

तर सहाव्या आठवड्यात क्रम लावणं शिकवायचं असतं. विसकटलेले आकडे कॉम्प्युटर ओळीने कसे लावतो ते. तिच्या वहीत लिहिलं होतं: आठ मुलं फळ्यापुढे उभी करायची, शेजारच्या दोघांनी एकमेकांशी तुलना करायची, क्रम चुकीचा असेल तर जागा बदलायची. बस्स.

मी ठरवलं, आठ कशाला? अख्खा वर्ग. अठ्ठावन्न मुलं. कमिटीच्या डोळ्यांत भरलं पाहिजे. खोलीत अठ्ठावन्न जणांची रांग मावेना, म्हणून सगळ्यांना बाहेरच्या लांब व्हरांड्यात काढलं आणि नियम सांगितला. वयाने मोठा तो पुढे. आपल्या पुढच्याला जन्मतारीख विचारायची, आपण मोठे असलो तर जागा बदलायची. टोकापासून टोकापर्यंत एक अख्खी फेरी जागा न बदलता गेली की थांबायचं. तोवर तुम्ही माणसं नाही, यंत्रं आहात. यंत्राला लाज नसते, भूक नसते, आणि 'पुरे' म्हटलेलं कळत नाही. नियम सोडून जो मध्येच थांबेल त्याचे दहा गुण जातील.

आमच्या वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे शंकासूर म्हणतात. तिने हात वर केला.

"सर, दोघांची तारीख एकच असली तर?"

"तरीही बदला. काय फरक पडतो?" मी म्हटलं.

भिंतीपलीकडून ऐकताना हा प्रश्न मी एकोणीस वेळा ऐकला असेल. उत्तर एकदाही ऐकलं नव्हतं. ती बहुधा खालच्या आवाजात सांगत असावी.

पहिली पाच मिनिटं झकास गेली. मग माझ्या लक्षात आलं की रांगेच्या मध्यावर दोन मुली फुगडी घातल्यासारख्या फिरताहेत. आमच्या वर्गात जुळ्या बहिणी आहेत. मागची पुढचीला तारीख विचारी, ती सांगे, जागा बदलत. आता मागे गेलेली पुढे गेलेलीला विचारी. पुन्हा तेच. जन्मापासून एकमेकींची तारीख माहीत असलेल्या त्या दोघी दर चार सेकंदांनी ती नव्याने विचारत होत्या, गुण जातील म्हणून.

तेवढं असतं तरी मी निभावून नेलं असतं. पण व्हरांड्याच्या टोकाला परीक्षा विभागाची खिडकी आहे, आणि तो दिवस फेरपरीक्षेचे अर्ज घेण्याचा शेवटचा होता. हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या रांगेचं तोंड बरोबर त्या खिडकीशी गेलं होतं. जिन्यावरून येणाऱ्यांना काय दिसलं? खिडकी, रांग, आणि रांग हलते आहे. हलणाऱ्या रांगेत माणूस आधी उभा राहतो, कशाची ते नंतर विचारतो. मागे दहा आले, मग तीस. त्यांना कुणी जन्मतारीख विचारली तर ते मुकाट सांगत, अर्जावर ती असतेच. चौथ्या वर्षात तिसऱ्यांदा बसलेले दाढीवाले भराभर पुढे सरकू लागले, त्यामुळे मागचे खूश आणि पुढचे चिडलेले. खिडकीतल्या कारकुनाने एवढी गर्दी बघितली आणि जगातला प्रत्येक कारकून करतो तेच केलं. खिडकी लावून घेतली. अर्ज संपले अशी आवई उठली आणि खालच्या मजल्यावरून आणखी साठ जण धावत वर आले.

मी ओरडलो, थांबा. शंकासूर शांतपणे म्हणाली, "सर, अजून अदलाबदल चालू आहे. आणि 'पुरे' आम्हाला कळत नाही."

विभागप्रमुख गर्दी हटवायला आले. यांना बायको शिकवायची तेव्हा हे पुढच्या बाकावर बसत आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देत. आजही ते विचारपूस न करता रांगेत घुसले. लगेच मागून प्रश्न आला, जन्मतारीख? त्यांनी सवयीने सांगितली. त्यांच्याबरोबर आलेला पहारेकरी त्यांच्यापेक्षा मोठा निघाला, तो पुढे गेला. गर्दीत अडकलेल्या झाडूवाल्या मावशी पुढे गेल्या. मावशींना तारीख माहीत नव्हती, पण त्या म्हणाल्या, "ह्याच्या तोंडाकडे बघून सांगते, मी मोठी आहे." ते कुणाला अमान्य करता येईना.

आणि नेमकी तेव्हाच कमिटी जिना चढून आली. दोघं मागेच थबकले, पण अध्यक्ष पुढे झाले. निवृत्त प्राध्यापक, हातात काठी, कानाला यंत्र, अतिशय सभ्य गृहस्थ. शेपटाच्या मुलाने त्यांना वाकून तारीख विचारली. त्यांनी दिवस, महिना, साल आणि गावचं हवामानही सांगितलं. त्यांच्यापुढे सगळेच लहान. एकशे त्रेसष्ट जणांना एकशे त्रेसष्ट वेळा जन्मतारीख सांगत ते व्हरांडाभर सरकत गेले. मध्ये एकदा दम खायला टेकले, तर मागच्या मुलाने स्टूल दिलं आणि स्टुलासकट पुढे सरकवलं. खिडकीशी पोचले तेव्हा कारकुनाने फट उघडून बघितलं, म्हाताऱ्याची दया आली असावी, आणि फेरपरीक्षेचा एक अर्ज बाहेर सरकवला.

मी धावत मध्यावर गेलो. एका जुळीचा हात धरला, तिला रांगेबाहेर काढलं आणि पाणी पिऊन ये म्हटलं. ती म्हणाली, दहा गुण? मी म्हटलं, वीस देतो, जा.

ती गेली. टोकापासून टोकापर्यंत एक फेरी गेली. कुणी हललं नाही. रांग थांबली.

खोटं सांगत नाही, ते दृश्य बघण्यासारखं होतं. खिडकीशी एकोणऐंशी वर्षांचे अध्यक्ष, मग मावशी, मग पहारेकरी, त्यामागे वय उतरत उतरत पार जिन्यापर्यंत, तिथे साडेसतरा वर्षांचा एक घाबरट मुलगा. एकही चुकलेला नाही. मी वळून वर्गाच्या उघड्या दारातून प्लायवूडच्या भिंतीकडे बघितलं. का वळलो ते सांगत बसत नाही. तिकडे नव्या माणसाचं टेबल लावून झालं होतं.

दुपारी विभागप्रमुखांनी मला बोलावलं. अध्यक्षांचा अभिप्राय त्यांनी वाचून दाखवला. 'या विषयाला विद्यार्थ्यांचा प्रतिसाद अभूतपूर्व आहे. प्रवेशासाठी जिन्यापर्यंत रांग लागलेली मी स्वतः अनुभवली.' माझी छाती फुगली. म्हटलं, मग विषय माझ्याकडेच?

"काका," ते म्हणाले. सहा आठवडे ते मला सर म्हणत होते. "एवढी मुलं त्या खोलीत मावणार कशी? विषय मोठ्या सभागृहात न्यायचाय. चारशे खुर्च्या. नवे सर व्याख्यानं रेकॉर्ड करतील, पडद्यावर दाखवू."

मी विचारलं, आणि मी?

"अध्यक्षांनी तुमचं खास नाव घेतलंय. म्हणाले, गर्दी हाताळणं या गृहस्थांना चांगलं जमतं. तुम्ही सभागृहाच्या दाराशी रांग बघायची."

खोली तेवढी लॅबला जोडली. तिथे आता मोडक्या खुर्च्या ठेवतो.

सोमवारी पहिला तास झाला. मी अर्धा तास आधी जाऊन दोन्ही दारं उघडली, कोपऱ्यातला दोर सोडवून खांबांना बांधला. एकोणीस मुलं आली. बाकीची तेच व्याख्यान घरी पडल्या पडल्या फोनवर बघतात म्हणे. चारशे खुर्च्यांना एकोणीस मुलं. पण मला काम रांगेचं दिलं होतं, आणि सांगितलेलं काम करायची सवय मला घरातच लागली आहे. एकोणीस जणांची रांग लावली आणि मगच आत सोडली.

उंचीनुसार लावली. वय विचारणं मी सोडलंय.